निहारी जोखायची कशी? (तरी, नळी आणि कणकेची भानगड)

सतव्यातला_सातारकर | शनिवार, सकाळी ११:१०

मंडळी, आज पहाटे साडेपाचला उठून, गाडी काढून शारजात गेलो, निहारी (मंद आचेवर तासन् तास शिजवलेला पोटरीच्या मांसाचा मसालेदार रस्सा) खाल्ली आणि तोंड वाकडं करून परत आलो. हॉटेलचं नाव सांगत नाही. नवीन आहे, सुधारेल बिचारं. पण पुढ्यात आली ती निहारी नव्हती, लाल पिठलं होतं. वर बोटभर तेल, त्यावर आल्याच्या काड्या, मिरची, कोथिंबीर, तळलेला कांदा असा सगळा साजशृंगार आणि खाली खळ. घरी नेली असती तर पोरांचे पतंग चिकटवून झाले असते.

बायको म्हणाली, "एवढं काय त्यात, मटणाचा रस्साच ना शेवटी?" तिला द्यायचं उत्तर इथे लिहितोय, कारण मी तोंड उघडायच्या आत तिने हेडफोन लावले.

दुबईत येऊन मला १४ वर्षं झाली. पहिली निहारी खायला घातली ऑफिसातल्या एका कराचीवाल्याने. सगळे त्याला भाईजान म्हणायचे म्हणून मीही. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची असायची. पहाटेचा नमाज उरकला की तो आमच्या बिल्डिंगखाली येऊन एकदाच हॉर्न द्यायचा. दुसरा हॉर्न नाही, उतरलात तर उतरलात. त्याचं घराणं मूळचं जुन्या दिल्लीचं, फाळणीत कराचीला गेलेलं. दिल्ली त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण निहारीचा विषय निघाला की कालच गाडीतून उतरल्यासारखा बोलायचा.

पहिल्या दिवशी ताटली आली आणि सवयीने माझा हात लिंबाच्या फोडीकडे गेला. त्याने मनगट धरलं. "पहला निवाला सादा. नींबू बाद में." तेव्हापासून माझा हाच नियम. आलं, लिंबू, मिरची बाजूला ठेवायची, नानचा तुकडा नुसत्या रश्शात बुडवायचा आणि तोंडात धरायचा. आधी बडीशेप यावी, मागून सुंठीची ऊब, आणि अगदी शेवटी पिंपळी-जायपत्रीचं काहीतरी कडूगोड. पहिल्याच घासाला नुसतं तिखट लागलं तर समजायचं, झाकपाक चालू आहे. टाळूला पीठ चिकटलं तर कणीक भाजलेली नाही किंवा शेवटी घाईत ओतली आहे. भाईजानची खरी परीक्षा मात्र ओठांची. तीन-चार घास झाले की वरचा ओठ खालच्या ओठाला किंचित चिकटला पाहिजे. तो चिकटपणा हाडांचा आणि शिरांचा, पिठाचा नव्हे. आज माझे ओठ अगदी मोकळे होते, म्हणून तर एवढं बोलतोय.

तुम्ही कुठे खाल्ली, कशी जोखता, घरी कोणी करतं का, लिहा.

तांबडापांढरा | शनिवार, दुपारी १२:०२

म्हंजे कणीक लावल्याला तांबडा रस्सा की वो! आमच्या कोल्हापुरात रश्शाला पीठ लावलं तर म्हातारी ताट उचलून दारात ठेवंल. रस्सा कसा पाहिजे, वाटी तोंडाला लावली की थेट पोटात. त्यो चावायचा कशाला?

पण ओठ चिकटायचं खरं हाय. मुंडी-पायाचा रस्सा सकाळी सकाळी प्याला की तसंच हुतंय.

सतव्यातला_सातारकर | शनिवार, दुपारी १२:२०

तांबडापांढरा, रस्सा तोंडी लावून प्यायचा आणि निहारी रोटीने उचलून खायची, फरक तिथेच पडतो. निहारीला दाटपणा लागतो कारण तिचं काम खमिरी रोटीला किंवा नानला धरून ठेवायचं आहे. नुसत्या भातावर ओतली तर ती मला तरी आवडत नाही. इथे काही जण ओततात, आपण काय बोलणार.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), वरच्या लाल तेलाला ते 'तरी' म्हणतात. आपण मिसळीवर मागतो ती तर्री. पहिल्यांदा भाईजान वेटरला म्हणाला "तरी ज़्यादा", तेव्हा मला क्षणभर साताऱ्याच्या स्टँडवर बसल्यासारखं झालं.

संत्रानगरी | शनिवार, दुपारी १२:४१

तर्री म्हणजे नागपूर, भाऊ! बाकीचे सारे उधारीवर वापरून राहिले. आमच्या इकडे तर पोह्यावर पण तर्री. सावजी मटणाची तर्री पाहा, मग निहारीचं बोला. फरक इतकाच का सावजी खाल्ल्यावर कान गरम होतात, आन ह्या निहारीनं म्हणे पोट गरम होते. मी हैदराबादेत खाल्ली एकदा. चांगली होती, पण काऊन कोणास ठाऊक, माणूस जेवल्यावर झोपूनच राहते दिवसभर.

भेंडीबाजारची_सून | शनिवार, दुपारी १:१५

धागा बघून राहवलं नाही, खूप दिवसांनी लॉगिन केलं.

माहेर श्रीवर्धन, म्हणजे घरात कोकणी आणि ताटात मासे-भात. निहारी आमच्याकडे माहीतही नव्हती. लग्न होऊन भेंडी बाजारात आले, सासरे मूळचे लखनौचे. त्यांच्यामुळे कळलं की निहारी म्हणजे नुसता पदार्थ नाही, ती वेळ आहे. 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ. निहार मुँह म्हणजे उपाशीपोटी, सकाळी काही न खाता. रात्रभर डेग (मोठं पातेलं) मंद आचेवर, तोंडाला कणकेने झाकण लिंपलेलं, आणि फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर, उघडायची. दुपारी दोनला निहारी मागितली तर सासरे नुसते बघायचे, काही बोलायचे नाहीत. ते बघणं पुरेसं असायचं. रात्री निहारी विकायची पद्धत आता सगळीकडे पडली आहे, कराचीतही आणि आमच्याकडेही. सासऱ्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता थोडी भांडते. सातारकरभाऊ, तुम्ही जी वर्णन करताय ती कराचीची निहारी: दाट, लालभडक, वर तरी. ती दिल्लीच्या वळणाची. लखनौची पातळ आणि हलकी असते, रंग मातकट, तिखट कमी, वास जास्त. ती नानशी खात नाहीत, कुलच्याशी खातात, आणि कुलचाही वेगळा, पापुद्र्यांचा, वरून करकरीत. चौकात अकबरी दरवाज्यापाशी रहीमकडे सकाळी जाऊन बघा. तेव्हा "दाट नाही म्हणजे निहारी नाही" असा नियम लावाल तर अर्धं लखनौ नापास होईल.

नळीबद्दल: मागवताना 'नल्ली निहारी' म्हणाल तर नळीचं हाड येतं, 'मगज़' म्हणाल तर वर भेजा घालून देतात. माझ्या मते मगजने चव वाढत नाही, जडपणा वाढतो. नळी मात्र हवीच. ती ताटलीवर आपटायची नसते, ताटलीच्या काठावर हलकेच ठोकायची. इकडे मुलं स्ट्रॉ मागतात.

सतव्यातला_सातारकर | शनिवार, दुपारी १:३०

भेंडीबाजारताई, मान्य. मी लखनौची खाल्लेली नाही, त्यामुळे माझं मोजमाप कराचीपुरतंच धरा. 'नहार'चं भाईजानने कधी सांगितलं नव्हतं, पण तो दहानंतर कधीच घेऊन गेला नाही याचा उलगडा आज झाला.

शंकासुर | शनिवार, दुपारी २:०५

इतकं वाचून भूक लागली, तरी दोन शंका.

एक. निहारीचं नाव निघालं की कुणीतरी सांगतंच की लखनौच्या इमामबाड्याच्या मजुरांसाठी ही रात्रभर शिजवायचे. नवाब आसफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ते बांधकाम काढलं, इथपर्यंत ठीक. पण हीच गोष्ट दम बिर्याणीलाही चिकटवतात. त्या मजुरांनी नक्की काय काय खाल्लं? इतकं खाऊन इमारत पूर्ण कशी झाली?

दोन. जुन्या दिल्लीत म्हणे कालच्या डेगेतली थोडी निहारी आजच्या डेगेत घालतात, तिला 'तार' म्हणतात, आणि अशी साखळी शंभर-शंभर वर्षं चालू आहे. रोमांचक आहे. पण हिशोब करा. रोज एक दशांश भाग पुढे नेला तर दहा दिवसांनी पहिल्या डेगेतला भाग उरतो एक हजार कोटींमध्ये एक. शंभर वर्षांपूर्वीचं ताटात काही येत नाही, येतो तो फक्त आकडा.

रसायनीवाला | शनिवार, दुपारी २:४८

शंकासुर, हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धा. तार म्हणजे विरजण नव्हे हे खरं. विरजणात जिवाणू जिवंत असतात, वाढतात, म्हणून चमचाभर पुरतं. निहारीत जिवंत काही नाही. पण कालच्या शिल्लक निहारीत विरघळलेलं जिलेटिन आणि मसाल्याचा अर्क उतरलेली चरबी असते. ती आजच्या डेगेला पहिल्या तासापासून अंग देते. शंभर वर्षं सोडा, कालची एक रात्रही पुरते. आदल्या दिवशीची आमटी का चांगली लागते, तसंच थोडंसं. मात्र रात्रभर ती गरम ठेवलेली असावी किंवा नीट थंड केलेली असावी. कोमट भांड्यात ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी 'तार, तार' म्हणत ओतू नका, दवाखान्यात जाल.

आता ओठ चिकटण्याचं. निहारीला पोटरीचं मांस घेतात, कराचीत त्याला 'बोंग' म्हणतात. जनावर उभं राहतं, चालतं ते या स्नायूवर, त्यामुळे त्यात शिरा-पापुद्रे म्हणजे कोलाजेन खच्चून असतं. झटपट शिजवलं तर रबर. पण ७० अंशांच्या पुढे बराच वेळ ठेवलं की कोलाजेन हळूहळू जिलेटिन होतं, रश्शात उतरतं आणि ओठ चिकटतात. उकळ्या फुटू द्यायच्या नाहीत, भांड्यात मधूनमधून एखादा बुडबुडा यावा एवढीच आच. खळखळ उकळलं की चरबी रश्शात फेसाळून मिसळते, रस्सा गढूळ होतो आणि तरी वर येत नाही. मग लोक वरून तेलाची फोडणी ओतून तरीचं सोंग आणतात.

घरी तपासायची सोपी खूण: कणीक घालायच्या आधीचा वाटीभर रस्सा फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो खरवसासारखा थरथरला तर हाडांनी काम केलं. पाण्यासारखा राहिला तर पुढचा सगळा दाटपणा पिठाचा.

आजोबा_ऑनलाइन | शनिवार, दुपारी ४:२०

माझे वडील कराचीत वाढले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी घरं पुष्कळ. तिथली १८५५ ची सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाने आहे, आपल्यातले किती जण जाणतात? वडील कराचीच्या हवेचं, समुद्राचं, ट्रामचं फार बोलायचे. निहारीचा उल्लेख मात्र कधी ऐकला नाही. ब्राह्मण घर म्हणून बाहेर खाल्लं नसेल असं मी समजत होतो.

भेंडीबाजारची_सून | शनिवार, दुपारी ४:४१

आजोबा, खाल्लं नसेल हे कारण असेलही, पण मोठं कारण वेगळं आहे. कराचीची आजची प्रसिद्ध निहारी १९४७ नंतरची. दिल्ली आणि उत्तर प्रदेशातून गेलेल्या मुहाजिरांनी (निर्वासितांनी) ती नेली, बर्न्स रोडवर आणि पुढे बाकीच्या वस्त्यांमध्ये दुकानं टाकली. तुमच्या वडिलांची कराची सिंधी, गुजराती, पारशी, मराठी. निहारीची कराची त्यानंतरची.

आजोबा_ऑनलाइन | शनिवार, दुपारी ४:५५

हे सुचलंच नव्हतं. म्हणजे वडील ज्या महिन्यांत कराची सोडून मुंबईच्या बोटीत बसले, त्याच सुमारास हे लोक दिल्लीहून तिथे उतरत होते. धन्यवाद, सूनबाई. दोन वेळा वाचलं.

स्क्वेअरकट | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मी लाहोरची खाल्ली आहे, कॉलर टाईट!

२००४ चा दौरा. क्रिकेटसाठी तेव्हा व्हिसा मिळत होते. २४ मार्चची शेवटची वनडे, लक्ष्मणचं शतक, मालिका ३-२ ने आपली. दुसऱ्या दिवशी सकाळी अनारकलीच्या बाजूला आम्ही तिघं एका दुकानात शिरलो. मालकाने आमचं बोलणं ऐकलं, विचारलं कुठून आलात. पुणे म्हटल्यावर त्याला पुणे कळलं नाही, मुंबई म्हटल्यावर कळलं. आदल्या दिवशी त्यांची टीम हरली होती, तरी पैसे घेतले नाहीत. आम्ही गल्ल्यावर ठेवले, त्याने पोऱ्याला आमच्यामागे पळवून परत केले.

चवीचं खरं सांगू? आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नान संपायच्या आत दुसरा येत होता आणि रिकामा हात पाहून पोऱ्या रागवत होता. जोखायला वगैरे उसंत मिळाली नाही. त्यामुळे तुमच्या परीक्षेत मी गैरहजर.

अवांतर: तिकडे पाया वेगळा आणि निहारी वेगळी, हे मला तिथेच समजलं. लाहोरी माणसाला सकाळी सिरी-पायाही तितकाच प्यारा. पाया म्हणजे खुरांचा पातळ रस्सा, त्यात पीठ नाही.

फक्तशाकाहारी | शनिवार, संध्याकाळी ७:३०

फणसाची करता येईल का? सुरण? कृपया हसू नये.

रसायनीवाला | शनिवार, संध्याकाळी ७:४४

हसत नाही. मसाला आणि तरी जमेल, रंगही येईल, फणसाच्या रेषाही सुटतील. ओठ मात्र चिकटणार नाहीत, कारण झाडाला कोलाजेन नसतं. निहारी म्हणू नका, निहारी मसाल्यातली फणसाची भाजी म्हणा आणि मजेत खा.

तांबडापांढरा | शनिवार, संध्याकाळी ७:५०

फणसाची भाजी करा की निवांत. निहारीच्या नावानं कशाला रडताय.

चिमटा | शनिवार, रात्री ९:०५

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक | शनिवार, रात्री ९:२०

मूळ निहारी कोणत्या जनावराची, कायदा काय म्हणतो आणि कोणी काय खावं यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी राजकारणाचा विभाग आहे. इथे डेगेपुरतं बोला.

भेंडीबाजारची_सून | शनिवार, रात्री ९:५८

संपादकांचा मान राखून डेगेपुरतंच लिहिते, कारण त्याचा जोखण्याशी संबंध आहे. कराचीत निहारी म्हटलं की 'बड़े का' (मोठ्या जनावराचं) हे गृहीत असतं, मटणाची हवी तर तसं सांगावं लागतं. मुंबईत बड़े का म्हणजे आता म्हशीचं. मोठ्या जनावराच्या पोटरीला सहा-आठ तास लागतात, बोकडाच्या पोटरीला तीन-चार पुरतात. बोकड रात्रभर ठेवलंत तर सकाळी हाडं वेगळी आणि चिंध्या वेगळ्या. तेव्हा "रात्रभर शिजवलेली मटण निहारी" अशी पाटी दिसली तर एकतर पाटी खोटी किंवा मटण गेलं कामातून. बोटी अख्खी दिसली पाहिजे आणि नानच्या तुकड्याने दाबली की रेषेरेषेने सुटली पाहिजे. नुसत्या बघण्यातच विरघळलेली दिसली तर ती हलीमकडे (मांस-गव्हाच्या घोटलेल्या खिचड्याकडे) निघाली आहे.

सतव्यातला_सातारकर | शनिवार, रात्री १०:१२

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. मी मटणाचीच खातो आणि भाईजान त्यावरून मला चिडवायचा, "ये तो निहारी की छोटी बहन है." आज सकाळच्या हॉटेलात मटण अगदी चिंध्या झालेलं होतं. मी मनात त्याचे गुण वाढवले होते की बघा किती शिजलंय. ते परत घेतो.

माजघर | रविवार, दुपारी ३:१५

लेस्टरहून. इथे हलाल खाटकाकडे पोटरी नळीसकट सहज मिळते आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात शानचं निहारी मसाल्याचं पाकीट. मी आतापर्यंत दोनदा पाकिटातली केली. दोन्ही वेळा मीठ जास्त आणि चव सगळ्यांच्या घरी लागते तशीच. यावेळी पाकीट न वापरता करायची आहे. भेंडीबाजारताई, प्रमाण द्याल का? इन्स्टंट पॉट आहे, स्लो कुकरही आहे.

भेंडीबाजारची_सून | रविवार, रात्री ८:४०

माजघर, सासूबाईंच्या हाताचा अंदाज मी चमच्यात बसवलाय, थोडं इकडेतिकडे होईल. हे आमच्या घरचं, कराचीवाल्यांचं थोडं वेगळं असेल.

एक किलो पोटरीला, शिवाय दोन-तीन नळ्या. मसाला: बडीशेप दोन मोठे चमचे, जिरं एक चमचा, सुंठपूड एक चमचा, मिरी अर्धा चमचा, पाच-सहा लवंगा, दोन मसाला वेलदोडे, चार हिरव्या वेलच्या, तीन पिंपळ्या, जायपत्रीचं एक फूल, जायफळ चिमूटभर. हलकं गरम करून कुटा. फार भाजू नका, बडीशेप करपली की संपलं. पिंपळी आयुर्वेदिक दुकानात मिळेल. पाकिटात ती कितपत असते देव जाणे, पण घरच्या मसाल्यात तीच फरक करते. तिखट काश्मिरीच घ्या.

तुपात किंवा तेलात आलं-लसूण, मग मांस, मग तिखट-मीठ आणि दोन तृतीयांश मसाला. टोमॅटो नाही. दही आम्ही घालत नाही. कांदा रश्शात नाही, फक्त वर तळलेला. अडीच लिटर गरम पाणी, झाकण, आणि आता विसरून जा. स्लो कुकरच वापरा. इन्स्टंट पॉटमध्ये तासाभरात मांस मऊ होतं, पण वाफ एकदम सोडलीत तर आत सगळं ढवळून निघतं, तरी मिळत नाही. त्यातच करायचं असेल तर आपोआप निवू द्या.

महत्त्वाची पायरी, जी सगळे चुकतात: मांस शिजलं की वरची तरी पळीने काढून वाटीत बाजूला ठेवा. मग कणीक. चार मोठे चमचे कणीक कोरडी भाजा, खमंग वास येईपर्यंत, रंग फार बदलू न देता. गार झाल्यावर पाण्यात कालवा, गाळा, आणि बारीक धारेने ढवळत ओता. मैदा नको, तो बुळबुळीत होतो. आणखी अर्धा तास मंद आचेवर, उरलेला मसाला तेव्हाच. वाढताना तरी वरून परत. तरी आधी काढली नाही तर सगळी कणीक पिऊन टाकते आणि मग सातारकरभाऊंसारखे लोक "लाल पिठलं" म्हणून धागे काढतात.

शंकासुर | रविवार, रात्री ९:०१

वाचनखूण साठवली. तिसरी शंका: कणीक घालायचीच कशाला, रस्सा आटवला तर?

रसायनीवाला | रविवार, रात्री ९:१९

आटवून बघितलंय. मीठ आणि मसाला दोन्ही डोक्यात जातात, आणि थंड होताच ताटातच थिजते. कणीक रश्शाला दाट करते आणि चरबीला थोडं धरून ठेवते. ती असू दे, फक्त हाडांनी आधी आपलं काम केलेलं असलं पाहिजे. पीठ मदतनीस आहे, मुकादम झालं की आजच्या, म्हणजे कालच्या, शारजासारखं होतं.

संत्रानगरी | रविवार, रात्री ९:३३

सावजीत पण काही जण रश्शाला जाडपणा याले काहीबाही घालते, कोणी सांगत नाही बाप्पा. विचारलं का "मसाला आहे" म्हणते.

माजघर | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:५०

केली!

शुक्रवारी रात्री दहाला स्लो कुकर लावला, सकाळी सहाला उघडला. घरभर बडीशेपेचा वास. रसायनीवाल्यांची वाटी फ्रिजमध्ये ठेवली होती, ती थरथरली. तिचा व्हिडिओ काढून नवऱ्याला पाठवला, तो वरच्या खोलीत झोपला होता. तरी काढली, जवळजवळ पाऊण वाटी निघाली. कणकेत दोन गुठळ्या झाल्या कारण मी गाळली नाही, गाळणं घासायचा कंटाळा. पिंपळी गुजराती दुकानात 'गंठोडा' मागितल्यावर मिळाली, म्हणजे मला वाटलं मिळाली. घरी येऊन कळलं की गंठोडा म्हणजे पिंपळीचं मूळ. तेच घातलं. वाईट नाही लागलं, थोडं उग्र.

पहिला घास सादा. ओठ चिकटले. नवऱ्याचे जास्त चिकटले, तो बराच वेळ काही बोलला नाही.

सासूबाई सांगलीहून आल्यात महिनाभरासाठी. त्यांनी नानऐवजी भाकरी मागितली, चुरली, वरून ओतली, शांतपणे सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय गं. पण एवढा रस्सा केलास तर बटाटा का नाही टाकलास?"

सतव्यातला_सातारकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:०४

भाईजान २०१९ मध्ये कराचीला परत गेला. त्याला हा धागा वाचून दाखवायला मराठी येणारा कुणी तिथे शोधतोय. बटाट्याचं मात्र सांगणार नाही.